बाण मी मागितला नव्हता

पटावर हिरवा बाण आला आणि माझी मुलगी हात वर करून ओरडली, "आई, हे मी नाही केलं." बुद्धिबळाची मॅच ऑनलाइन होती, शाळा-शाळांची, आमच्याच घरात वर्तकनगरला, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. घोडा कुठे टाकायचा ते तो बाण दाखवत होता. मी फोन ओढला, कुठेतरी दाबलं, अजून एक बाण आला, आणि मग स्क्रीनवर आलं की खातं बंद, चीटिंग.

चूक माझीच, ते चाल सुचवणारं सकाळी मीच ॲपमध्ये घेतलेलं. बुद्धिबळाच्या क्लासच्या सरांनी सांगितलेलं, खेळलेले डाव ॲपमध्ये साठवून ठेवा. नुसतं साठवायचं मिळतच नव्हतं, त्याच्यासोबत धडे, कोडी, चाल सुचवणं, सगळं एकत्रच घ्यायचं. मी आठवी शिकलेली, हो हो दाबत गेले.

वरच्या मजल्यावर वकीलताई राहतात, मी तशीच धावत गेले, त्या तव्यावरची पोळी सोडून खाली आल्या. आयोजकांना व्हिडिओ कॉल लावला, शांतपणे म्हणाल्या, मुलीलाच विचारा. आणि माझ्या नऊ वर्षांच्या पोरीने लाकडी पट मांडून अख्खा डाव पहिल्यापासून लावून दाखवला, प्रत्येक चाल का केली ते सांगत. बाण आला तिथे थांबली. "इथून पुढे मी काहीच नाही खेळले." आयोजकांनी मानलं, पुढचा सामना डोंबिवलीला समोरासमोर ठेवला. मी नुसती बघत राहिलेली, ही माझ्या पोटची?

पण ॲपच्या कंपनीने खातं अजून बंदच ठेवलंय. आणि क्लास, सराव, पुढची निवड, सगळं त्याच ॲपवर. ताई म्हणाल्या, याला कायदा आहे, जिच्याशिवाय लोकांचं चालत नाही अशा मोठ्या कंपनीने एका वस्तूला दुसरी बांधून गळ्यात मारायची नाही. मी म्हटलं, खडवलीला आमचा दुकानवाला साखरेबरोबर साबण घ्यायलाच लावायचा, तसं? त्या हसल्या, "अगदी तेच. तू वकील व्हायला हवी होतीस गं."

अशा कंपन्यांवर नजर ठेवणारा आयोग दिल्लीला आहे, त्याच्याकडे द्यायची तक्रार त्यांनीच लिहिली, स्वतःची कामं बाजूला ठेवून. नाव मात्र माझं लागणार. मी घाबरले, कंपनी चिडली आणि खातं कधी उघडलंच नाही तर? तर पोरगी म्हणते, "आई, दुसऱ्या मुलांना पण बाण येईल ना. ती घाबरून बोललीच नाहीत तर?"

ताई उद्या सहीसाठी येतील. पोरीला भीती नाही, ताईंना नाही, घाबरलेली फक्त मीच. तुम्ही असता तर केली असती का सही?