बेचाळीस नावं, दोन मिनिटं चाळीस सेकंद

गुरुवार, २४ फेब्रुवारी १९९४, सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटं. पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टर्समागे एका पत्र्याच्या खोलीत सूर्यभान मस्के मनगटी घड्याळ काढून हातात धरून टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीवर एक नवरी जीपमध्ये चढत होती आणि तिच्या अंगावरून पांढरी नावं खालून वर जात होती. इतकी सावकाश, की एक नाव पदरापासून कपाळापर्यंत पोचेस्तोवर जीप निघून जाई. मागं टेपरेकॉर्डरवर एक पुरुष गात होता. त्याचं गाणं संपलं तेव्हा बेचाळीसपैकी एकवीस नावं झाली होती. उरलेली नावं मुक्यानंच चढत राहिली.

मस्क्यांना गावात सगळे पेंटर म्हणतात. वीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि भिंती रंगवल्या. नामांतराच्या मागणीची अक्षरं अठ्ठ्याहत्तर साली ज्या भिंतींवर काढली, त्यांवर पुढं दर पावसाळ्यानंतर पुन्हा ब्रश फिरवला. गेल्या महिन्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तेव्हा त्या भिंती त्यांनी स्वतःच्या चुन्यानं पांढऱ्या केल्या. आता ते लग्नाच्या कॅसेटी तयार करतात. दोन व्हीसीआर आहेत, आणि चित्रावर अक्षरं उमटवणारा एक कॉम्प्युटर.

ही कॅसेट झरीच्या धुरपताबाई खिल्लारे यांच्या मुलीची. लग्न रविवारी झालं. जावई सिकंदराबादला रेल्वेत आहेत. मुलगी शुक्रवारी सकाळी नऊ पस्तीसच्या गाडीनं कॅसेट घेऊन जाणार. टेपवर गाणारा माणूस म्हणजे मुलीचे वडील, किशनराव. ते गायन पार्टीत गात. एकोणनव्वदला गेले. एका कार्यक्रमात कुणीतरी टेप केलेलं हे एवढंच गाणं मागं राहिलं. ते दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे आणि त्यात एकदा मालगाडीची शिट्टी ऐकू येते.

किशनराव आपलं नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात घालत: 'किशन म्हणे...' म्हणून धुरपताबाईंनी सांगितलं होतं, नावांच्या यादीत त्यांचं नाव शेवटी ठेवा. ते गाण्यात स्वतःचं नाव घेतील, तेव्हाच ते टीव्हीवर दिसलं पाहिजे.

कॉम्प्युटरच्या जुन्या मेमरीत एका वेळी एकवीसच नावं मावत. ती एक मिनिट वीस सेकंदांत निघून जात आणि मग पडदा काळा होई. म्हणून सोमवारी नांदेडहून मेकॅनिक बोलावून जादा मेमरी बसवली. आता बेचाळीस मावत होती, पण त्यांना पाच मिनिटं वीस सेकंद लागत होते. वेग वाढवायची सोय आधीच शेवटच्या आकड्यावर होती.

सात वाजता धुरपताबाई झरीहून आल्या. मस्क्यांची बायको मालनबाई चहा घेऊन आली.

"जयभीम, पेंटर. झालं का?"

"न्हाई. मशीन झोपंत चालायलंय."

"मग गाणं सावकाश लावा की."

"आवाज रेड्यावानी होईल, बाई."

"मग नको. हयातीत लय घाईनं गायचे ते. तबल्यावाला शिव्या द्यायचा."

मस्क्यांनी यादी पुढं धरली. "आर्धी नावं काढू का? ही सगुणाबाई कोण?"

"तिनं दोनशे माणसांच्या पोळ्या लाटल्या. काढा. तिला सांगायला तुमीच या झरीला."

मालनबाई हसली. मस्क्यांनी यादी पुन्हा ठेवून दिली.

त्यांनी आधी स्टॅबिलायझरचा काटा पाहिला. दोनशे वीसवर होता. मग कॉम्प्युटरचा डबा उघडून पंख्यातली धूळ ब्रशनं काढली. फरक पडला नाही. साडेआठला त्यांनी नवी मेमरी काढून ठेवली आणि जुन्याच मेमरीवर एकवीस नावं चालवली. त्यांना दोन मिनिटं चाळीस सेकंद लागले. म्हणजे नवी मेमरी घालून आणि काढून मशीन सारखंच मंद होतं. मेमरीचा दोष नव्हता.

मस्के बराच वेळ वहीतले आकडे पाहत राहिले. पूर्वी एक वीस, आता दोन चाळीस. टीव्हीवर नवरी पुन्हा पुन्हा जीपमध्ये चढत होती. नावं तिच्यावरून पाण्यातल्या पानांसारखी जात होती, आणि धुरपताबाई ओठ हलवत एकेक वाचत होत्या, जणू माणसं दारातून आत येत होती.

"बरोब्बर दुप्पट," मस्के म्हणाले. "थकलेला माणूस कवाच बरोब्बर निम्म्यानं चालत न्हाई. ह्याला कुणीतरी निम्म्यानं चाल म्हणून सांगितलंय."

डब्याच्या तोंडावर एक बटण होतं. ते दाबलेलं असलं की मशीन पूर्ण वेगानं चाले; बाजूच्या खिडकीत वेगाचा लाल आकडा तेहतीस दिसे. बटण सोडलं की सोळा. पण गेल्या लग्नसराईत गिऱ्हाइकं त्या आकड्याकडे बोट दाखवून विचारत, "पेंटर, मीटर पडायलंय का आमचं?" कंटाळून मस्क्यांनी खिडकीवर 'शुभविवाह' लिहिलेली चिकटपट्टी लावली होती. अक्षरं त्यांनीच काढली होती, सोनेरी रंगात.

त्यांनी नखानं पट्टी सोलली. खाली सोळा होतं. बटण दाबलेलंच होतं. सोडून पुन्हा दाबलं, सोळाच राहिलं.

"मीटर बंद पडलं म्हणा की," धुरपताबाई म्हणाल्या.

मशीन बंद करून मस्के हातबॅटरी पेटवून डब्यात वाकले. आतल्या सर्किटच्या सगळ्या पाटीवर वर्षाची धूळ बसली होती. मेमरीच्या शेजारी दोन बारीक टाचण्यांभोवती मात्र डाळीएवढी जागा स्वच्छ होती. तिथं काहीतरी लावलेलं होतं आणि ते नुकतंच निघालं होतं. शोधल्यावर बटणाकडून येणारी दुपदरी वायर सापडली. मेमरी बसवताना हाताआड येते म्हणून मेकॅनिकनं ती काढून वायरींच्या रुंद पट्ट्याखाली खोचली होती आणि विसरला होता. मस्क्यांनी वायर टाचण्यांवर बसवली, नवी मेमरी परत घातली आणि मशीन चालू केलं.

तेहतीस.

दहा वाजून पाच मिनिटांनी टेप आणि नावं एकदम सुरू केली. नावं आता पायऱ्या चढणाऱ्या माणसांच्या चालीनं वर जात होती. सगुणाबाई गेली. मालगाडीची शिट्टी वाजली तेव्हा येलदरीचे मामा कपाळापाशी होते. मग पडद्याच्या तळातून 'कालकथित किशनराव खिल्लारे' वर आलं, आणि त्यानंतर चार सेकंदांनी टेपवरचा आवाज म्हणाला, 'किशन म्हणे...'

"नाव पुढं पळालं," धुरपताबाई म्हणाल्या.

मस्क्यांनी शेवटच्या नावाच्या आधी एक रिकामी ओळ घातली आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी अक्षरं तळाशी उमटली आणि त्याच क्षणी तो आवाज आला. नवरीची जीप लांब धुळीत लहान होत गेली. आवाज संपला, नाव पडद्याच्या वरच्या काठाशी पोचलं आणि गेलं. टेपवर कुणीतरी खोकलं.

धुरपताबाईंनी चहाचा रिकामा कप उचलून मालनबाईच्या हातात दिला.

"रिकामी ओळ राहू द्या," त्या म्हणाल्या. "दम घ्यायचे ते तिथं."

मस्क्यांनी ती नावं मूळ कॅसेटच्या शेवटी उतरवली. मूळ कॅसेट झरीला राहील. मुलीसाठी दुसरी प्रत काढायची. आज दुपारी बारा ते सहा वीज नाही, आणि संध्याकाळी दिवे लागले की विजेचा दाब उतरून चित्र थरथरतं. कॅसेटची प्रत काढायला कॅसेटइतकाच वेळ लागतो आणि ही कॅसेट एकशे ऐंशी मिनिटांची आहे. उद्या मस्के सहाला व्हीसीआर चालू करतील. नऊला प्रत निघेल. तिथून फलाट चालत सात मिनिटांवर आहे.