मामा घाबरला, असं कोर्टात ठरलं

आमच्या मामाला सगळी गल्ली ‘कडक’ म्हणते. इस्त्री कडक म्हणून. स्वभाव म्हणाल तर लोणी. मामी गेल्यापासून घरात त्याला बोलायला कोणी नाही. जे काही बोलणं व्हायचं ते दुकानात, आणि तेही एकाच माणसाशी, शेजारच्या गाळ्यातल्या टेलरशी. मध्ये प्लायवूडची भिंत. दोघं दिवसभर एकमेकांना न दिसता गप्पा मारायचे. तिकडचं मशीन थांबलं की मामा विचारायचा, “झोपलास काय रे?” तिकडून एखादी शिवी आली की त्याचा दिवस बरा जायचा.

इस्त्रीच्या धंद्यात मामाचा नियम एकच. कोणी हाक मारो, काही पडो, आधी इस्त्री कापडावरून उचलायची, टोक वर करून. मग बाकीचं जग. इतक्या वर्षांत हा नियम त्याच्या डोक्यातून हातात उतरला होता.

एका दुपारी टेलरने शिवलेल्या कोटाच्या बाहीवर मामाच्या इस्त्रीने चकाकी आली, कापड बिघडलं. गिऱ्हाइकाने चारचौघांत लाज काढली ती टेलरची. टेलर आधीच तापट. तो तडक मामाकडे आला आणि टेबलावरून वाकून त्याची कॉलर धरली. “कडक, लक्ष कुठे असतं रे तुझं?” मामापुढे पांढरा शर्ट होता. मान ओढली गेली तशी इस्त्री नियमाप्रमाणे वर आली आणि टेलरच्या मनगटाला चिकटली. उजव्या मनगटाला, कात्री धरायच्या हाताला.

मामानेच पाणी ओतलं, मामानेच दवाखान्यात नेलं. पण जखम चिघळली, टेलरला कित्येक महिने कापड कापता येईना. त्यात त्याच्या मेव्हण्याने कान भरले. टेलरने मामावर दिवाणी दावा लावला. तापल्या इस्त्रीने मारलं, भरपाई द्या.

वकीलबाईंकडे मीच मामाला घेऊन गेले.

“काका, कोणी अंगावर आलं तर त्याला अडवण्यापुरता जोर लावता येतो,” त्या म्हणाल्या. “पण भीती खरी हवी आणि जोर बेताचा हवा. त्याचे हात रिकामे होते, तुमच्या हातात इस्त्री. तुम्ही घाबरला होतात का, हे विचारणारच.”

“छे! टेलरला काय घाबरायचं?”

“मग इस्त्री का उचललीत?”

“शर्ट करपला असता ना.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बाहेर कुठे बोलू नका. हा बचाव नाही, हा निष्काळजीपणा झाला. दावा हरलात तर गाळा विकायची वेळ येईल.”

गाळा गेला म्हणजे ती भिंत गेली, आणि भिंतीपलीकडचा माणूसही गेला. मामाला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो मान डोलावून घरी आला.

कोर्टात टेलर समोरच बसला होता, हात मांडीवर ठेवून. त्याच्या वकिलाने मामाला विचारलं, “दुसऱ्या हाताने ढकलता आलं नसतं?”

“सुचलं नाही. घाबरलो होतो,” मामा जमिनीकडे बघत म्हणाला. “वाटलं, हा आता मारतो मला.”

जजसाहेब म्हणाले की घाबरलेला माणूस तराजू घेऊन बसत नाही. इस्त्री एकदाच लागली, लगेच बाजूला ठेवली गेली, पाणी ओतलं गेलं. जोर गरजेपुरताच होता. दावा फेटाळला.

जिन्यात टेलरने आम्हाला गाठलं. रागावलेला दिसत नव्हता. “खरंच घाबरलास मला?”

वकीलबाई शेजारीच उभ्या होत्या. मामा “हो” म्हणाला.

“बरं,” एवढंच बोलून टेलर खाली उतरला.

त्याचं दुकान पुन्हा उघडलं, पण मशीन त्याने पलीकडच्या भिंतीला हलवलं. येता-जाता तो समोरच्या फुटपाथने जातो. मला दोघांचाही असा राग यायचा की एकदा मी टेलरकाकांना अडवलंच. म्हटलं, “किती दिवस डूख धरणार?”

“डूख कसला गं? हात बरा झाला, राग गेला,” ते म्हणाले. “मेव्हण्याचं ऐकलं ते चुकलंच. पण तो घाबरतो मला, स्वतः सांगितलं त्यानं. उगाच कशाला त्याच्या जवळून जायचं?”

मी धावतच मामाकडे गेले. “मामा, आत्ताच्या आत्ता जा आणि त्यांना खरं सांगून टाक.”

मामाने कोणाची तरी चादर टेबलावर पसरली. बराच वेळ तिच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत राहिला.

“काय सांगू?” तो म्हणाला. “त्याचा हात भाजत होता तेव्हा मी शर्टाकडे बघत होतो, हे सांगू?”