गच्चीवरचे दोन डोंगर

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीजवळ कोपरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दोन डोंगर होते, आणि दोन्ही माझे होते. पत्र्याचे दोन लांब ट्रे, एका टोकाला विटा लावून तिरपे केलेले. त्यांत शीळफाट्याच्या पलीकडच्या एका गावातून गोणीने आणून मी चाळलेली माती. एका डोंगरावर उताराला आडवे चिमुकले बांध, बांधांवर गवत. दुसरा बोडका, गावात होता तसाच. खालच्या टोकाला लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. वरून झारीने पाणी शिंपायचं आणि बरणीत किती गढूळ उतरतंय ते बघायचं. एक रविवार म्हणजे एक पावसाळा. इतरांचं आयुष्य सोमवार ते शनिवार चाललेलं असताना मी आठवड्याला एक वर्ष पुढे सरकत होतो.

हे सगळं सरांसाठी. सर ठाण्यात राहायचे, आम्हाला कॉलेजात शेतीशास्त्र शिकवायचे आणि त्या गावाच्या हात धुऊन मागे लागलेले, की उतारावर बांध घाला, म्हणजे तळ्यात चिखल येणार नाही. गाव त्याच तळ्याचं पाणी प्यायचं. फडक्याने गाळलं तरी हंड्याच्या बुडाशी बोटभर गाळ. पण बांध घालायचे म्हणजे प्रत्येकाच्या शेताची पट्टी जाणार. गावकरी म्हणाले, आधी दाखवा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर येऊन बघणार आणि मग काय ते ठरवणार. थोडक्यात, एका गावाचं पिण्याचं पाणी माझ्या झारीवर येऊन थांबलेलं.

बिल्डिंगला याचं काही कौतुक नव्हतं. आमच्या नळाला पाणी यायचं तेच मुळी उपकार केल्यासारखं. सेक्रेटरी काका एकदा बादली घेऊनच वर आले.

"अरे, इथे आंघोळीची मारामार, आणि तू पाऊस पाडतोस?"

"काका, हा दोन वर्षांनंतरचा पाऊस आहे."

"मग दोन वर्षांनी पाड ना!"

शेजारच्या काकूंना मात्र डोंगर आवडलेले. नवरात्राच्या आधी वाळवण काढायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "ही माती चांगली आहे का रे?"

मी फुशारलो. "काकू, अस्सल शेतातली! डोंबिवलीत सोनं मिळेल, अशी माती नाही मिळायची."

घटस्थापना झाली, आणि पुढच्या रविवारी मी गच्चीवर गेलो तर बांधांचा डोंगर खचलेला. बांधांच्या मधे चांगला चार बोटं. बांध जागेवर, गवत जागेवर, बरणीतलं पाणी आरशासारखं स्वच्छ. आणि माती गायब! वाहून गेली असती तर बरणीत दिसली असती. शहाण्या माणसाने अशा वेळी चार शेजाऱ्यांना विचारलं असतं. मी सिद्धांत मांडला. बांधांमुळे पाणी आत मुरतं, मुरलेल्या पाण्याने माती आक्रसते, म्हणून डोंगर आतल्या आत बसतो.

तो सांगायला तडक ठाण्याला गेलो. सर टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाच्या रांगेत सापडले. लाउडस्पीकर असा, की मला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागलं, "सर, माती नाहीशी होतेय! आपोआप!" पुढच्या बाई वळून म्हणाल्या, "देवीवर सोडा. होईल सगळं नीट." सर फक्त रांगेत थोडे पुढे सरकले.

त्या नऊ दिवसांत मी घरोघरी प्रसाद खात हिंडत होतो. प्रत्येक घरात घट, घटाखाली टोपलीत माती, मातीत तरारलेला गहू. "काकू, काय जोमदार उगवलंय हो!" काकू लाजून म्हणायच्या, "मातीच तशी मिळाली रे." मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून परत सिद्धांताकडे वळायचो.

दसऱ्याला शेजारच्या काकूंनी त्या पिवळसर कोंबांचा तुरा माझ्या कानावर खोचला. "घे. तुझ्याच शेतातलं पीक."

मी तसाच गच्चीवर धावलो. सगळ्या घरांनी उठलेल्या घटांची माती मुळांकोंबांसकट परत आणून टाकलेली, आणि तीही बोडक्या डोंगरावर. "बांधांच्या बाजूला किती नीटनेटकं होतं," काकू मागून म्हणाल्या, "ते कशाला बिघडवायचं?"

सकाळी गाव आलं. त्यांच्यात पुढे होत्या एक ठसठशीत कुंकवाच्या आजीबाई; तळ्याचा हंडा रोज त्याच वाहायच्या. त्यांनी दोन्ही ट्रे पाहिले. बांधांचा डोंगर खपाटीला गेलेला. बोडका गव्हाच्या कोंबांनी भरलेला, त्यावर झारी धरली तर पाणी स्वच्छ.

"सर," आजी म्हणाल्या, "बांध घातले का माती जाते, नाय घातले का गहू उगवतो? मंग आमी बरे हाव की."

सरांचा चेहरा पडला. मी घसा साफ केला. "त्याचं काय आहे, माती आक्रसते..."

"मेल्या, गप!" चहाचा ट्रे घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या. "अहो आजी, माती आम्ही नेली. घटाला."

आजींनी डोंगरातली चिमूटभर माती उचलली. "आमची माती? देवाला?"

"हो. इथे कुठे मिळते हो शेतातली माती?"

"उगवला का?"

"वीतभर!"

आजींनी मागे वळून गावाकडे पाहिलं. "ऐकलं का? हितं बाया आपली माती देवापुढं मांडतात, आनि आपुन ती तळ्यात सोडून वरून पितो." बरण्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. चहा संपायच्या आत बांध कोणाच्या शेतापासून सुरू करायचा यावर भांडण लागलं, आणि सर माझ्या कानाला लागले, "हे मॉडेलमध्ये कुठे बसवायचं रे?"

हिवाळ्यात बांध पडले. पुढच्या पावसाळ्यानंतर आजींच्या हंड्याचं बूड दिसायला लागलं, असं सर सांगत होते. मी पाहिलं ते एवढंच, की नवरात्राच्या तोंडावर आजींनी आमच्या बिल्डिंगसाठी एक गोणी पाठवली. बांधाला अडलेला ताजा गाळ होता तो.

काकूंनी मूठभर चोळून पाहिला. "बरा आहे," म्हणाल्या, "पण गेल्या वर्षी तू चाळून ठेवली होतीस, तशी माती नाही."