जावयाला नाही कसं म्हणायचं

माझ्या धाकट्या भावाची गावात एकच ख्याती होती. माणसं आकाशात उडवायचा धंदा, आणि तोंडात सदा ‘न्हाई’. कोकणात पॅरासेलिंगच्या बोटीवर काही वर्षं काम करून तो शिरड शहापूरला परत आला, तेव्हा सोबत एक पॅराशूट, अंगाला बांधायचे पट्टे आणि दोराची भलीमोठी वेटोळी घेऊन आला. आमच्याकडे समुद्र कुठला? सिद्धेश्वर धरणावर करू म्हणाला, पण ते काही जमलं नाही. मग त्याने आमचं माळावरचं रान धरलं. हरभरा निघाला की पेरणीपर्यंत ते मोकळंच असतं. बोटीच्या जागी जुनी जीप आली. जीप पळायची, मागे दोराला बांधलेला माणूस वर उचलला जायचा, आणि औंढ्याला दर्शनाला निघालेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला थांबून बघत राहायच्या.

त्याचे नियम मला अजून पाठ आहेत, कारण येणाऱ्या प्रत्येकाला तो ते ऐकवायचा. रोज पहिली फेरी रिकाम्या पॅराशूटची. पट्टे तीनदा ओढून बघायचे, तिसऱ्यांदा दुसऱ्या माणसाने. दोर उन्हाने कडक झाला की फेकायचा, पोती बांधायलासुद्धा घ्यायचा नाही. जीप चालवायला चुलतभाऊ, आणि हा स्वतः मागे तोंड करून बसणार, नजर वर आणि हात दोर सोडायच्या कडीवर. आणि सगळ्यात वरचा नियम वाऱ्याचा. रानाच्या टोकाला त्याने बांबू रोवून त्यावर आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली होती. चिंधी हलत असली तर उडायचं, ताठ आडवी झाली की बंद. मग समोर कोणी का असेना. सरकारी गाडीतून आलेल्या एका साहेबाला त्याने चहा पाजून परत पाठवलं होतं. आबा, म्हणजे आमचे वडील, चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मी मात्र सासरी, कुरुंद्याला, ही गोष्ट जो भेटेल त्याला सांगत सुटले होते. अभिमानच होता मला त्याचा.

त्या वर्षी अधिक महिना ऐन जेठात आला. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, असं आमच्याकडे मानतात. त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आहेर करायचा, आणि त्याच्या तोंडून जे निघेल त्याला हो म्हणायचं. तो रुसून गेला तर सगळं पुण्य पाण्यात. माझा नवरा हळदीचा शेतकरी, एरवी ताटातलं निमूट खाणारा गरीब माणूस. पण सासुरवाडीचा उंबरा ओलांडला की त्याच्या अंगात नारायण संचारायचा. मी त्याला त्यावरून खूप चिडवायचे. त्यालाही ते आवडायचं.

जेवणं झाली. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात आहेराचं उपरणं, डोक्यावर नवी टोपी, आणि हा म्हणाला, “आता मेहुण्याच्या छत्रीत बसायचं हाय.”

सगळे हसत रानात गेलो. दुपार कलली होती. उन्हाळा संपता संपता आमच्याकडे तिसऱ्या प्रहरी वारं उठतं, धूळ फिरते, मध्येच सगळं शांत होतं आणि पुन्हा उठतं. भावाने चिंधीकडे पाहिलं. ती ताठ आडवी होती.

“आज न्हाई, दाजी. वारं लई हाय. उद्या सकाळी उठल्या उठल्या तुमालाच पहिलं बसवतो.”

“उद्या आमी जाऊन राहिलो,” नवरा म्हणाला. “न्हाई तर न्हाई. राहू द्या.”

ते ‘राहू द्या’ मला चांगलं ओळखू येत होतं. आता हा रात्री जेवणार नाही, उद्या आहेर खाटेवर ठेवून निघणार. मी म्हणाले, “अहो, तो सांगून राहिला ना वारं हाय म्हणून. काहून हट्ट करता?” तर मलाच म्हणाला, “तू गप बस.”

मग आबा बोलले. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “धोंड्याच्या महिन्यात जावयाला न्हाई म्हणतो व्हय रे? लोकं काय म्हणतील? एक चक्कर मार बराबर अन् उतरव खाली.”

भाऊ चिंधीकडे बघत उभा राहिला. वारा पडायची वाट बघत होता. थोड्या वेळाने वारा पडलाही, चिंधी बांबूला चिकटली. तेवढ्या उसंतीत त्याने दाजींचं उपरणं काढून माझ्या हातात दिलं, आहेराची टोपी काढून हेल्मेट चढवलं, पट्टे ओढले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चुलतभावाने. कुंकू हेल्मेटखाली पुसलं जाईल म्हणून आई हळहळली.

नवरा वर गेला तेव्हा तो हसत होता. खालून दात दिसत होते. “बघ गं!” असं काहीतरी ओरडला. मग वारा आला. पॅराशूट एका अंगाला कललं, भावाने जीप थांबवायला लावली, दोर सोडला. अशा वेळी जे करायचं असतं ते सगळं त्याने केलं, आणि तरी ते पॅराशूट तसंच तिरकं होऊन खाली आलं. उन्हाने तापलेली, भेगाळलेली काळी जमीन होती ती. नांदेडला नेताना वसमतच्या पुढे माझ्या मांडीवर तो गेला. उपरणं माझ्या हातातच होतं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, “वारं जास्त होतं. मला म्हाईत होतं.” एवढंच. आबांचं नाव त्याने काढलं नाही, दाजींच्या हट्टाचंही नाही. आबा शेजारीच बसले होते, तेही काही बोलले नाहीत.

मला भावाचा राग आला नाही, हे खरं सांगते. राग आबांचा आला, आणि जास्त राग नवऱ्याचा आला. अजून येतो. हळद शिजायला लावली की धुरात डोळे पुसता पुसता मी त्याच्याशी भांडते, एका दिवसाचा रुसवा तुला पुरला नाही का म्हणून विचारते. पण भावाला हे सांगणार कसं? तो माझ्या समोरच येईना. भाऊबीजेला मी ताट घेऊन बसायचे, तो पहाटेच रानात निघून गेलेला असायचा. नवरा गेला तो गेलाच, पण भाऊ जिवंत असून मला दिसत नव्हता. त्या दुःखाला कोणी भेटायला येत नाही.

यंदा नागपंचमीला लेकीला घेऊन माहेरी गेले. बाप गेला तेव्हा ती रांगत होती, आता शाळेत जाते. परसातल्या कडुलिंबाला भावानेच झोका बांधला होता. मला बघून तो निघून जायला वळला होता, पण लेक पळत जाऊन झोक्यावर बसली तसा थांबला. दोराला लोंबकळून त्याने गाठ ओढून पाहिली. एकदा, दोनदा. मग मान वर करून बघितलं. लिंबाचे शेंडे वाऱ्याने एका अंगाला झुकले होते, झोक्याची फांदी करकरत होती.

“उतर बाई. आज न्हाई. वारं हाय.”

ओट्यावरून आबा म्हणाले, “अरं, सणाचं लेकरू हाय. बसू दे की जरा. काहून नाराज करतो?”

भाऊ आबांकडे वळला.

“न्हाई, आबा. न्हाई म्हणलं ना.”

आबांनी मान खाली घातली. मी दारात उभी होते. लेकीने मामाकडे पाहिलं, दोर सोडला आणि खाली उतरली.

“बरं मामा. उद्या?”

“उद्या वारं पाहू.”

ती त्याचं बोट धरून माझ्याकडे आली. रुसली नव्हती. भाऊ माझ्यासमोर आला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. “आक्का, एवढंच म्हणायचं होतं गं,” तो म्हणत राहिला, “एवढंच म्हणायचं होतं.”