वाटेतच आहे

स्टोअरवाले काका माणूस तसा सरळ, पण एका बाबतीत त्यांनी सगळ्या कारखान्याच्या डोळ्यांत धूळ फेकली होती.

पंपाच्या कारखान्यात नट-बोल्ट, वॉशर, ग्रीस सांभाळायचं काम त्यांचं. धूर कमी करायचा विडा कारखान्यानं उचलला तेव्हा साहेबांनी जाहीर केलं, जो आपल्या गाडीतून आणखी तिघांना आणेल त्याची गाडी शेडखाली, सावलीत. एकटं येणाऱ्यानं खुशाल उन्हात तापवावी. काकांनी लगेच तिघं जमवले. ड्रॉइंगवाल्या बाई, टेलिफोनवाली मुलगी आणि लांब तंगड्यांचा लॅबवाला, ज्याच्यासाठी पुढची सीट पार मागे सरकवावी लागे. तिघंही वाटेतच राहायचे. सगळे बसले की काका आरशात बघून विचारायचे, "आले का सगळे?" गाडीत माणसं चार, त्यात विचारायचं काय? पण विचारल्याशिवाय गाडी हलायची नाही. मग कुणीतरी म्हणायचं, "साहेब राहिलेत, पण त्यांना राहू दे." रोजचाच विनोद, तरी रोज हसायचे. हसता हसता कारखाना यायचा.

मग काकू गेल्या. परगावचा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, एवढ्या मोठ्या घरात एकटे काय करणार? कारखान्याजवळ छोटंसं घ्या. येण्याजाण्याची दगदग तरी वाचेल." म्हणणं रास्तच होतं. काकांनी कारखान्याच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्या. भोंगा वाजला की फळीवरची भांडी थरथरत, इतकं जवळ.

घर बदलल्याचं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी कारखान्याकडे पाठ करून गाडी काढायची, सगळं शहर ओलांडून जुन्या गल्लीत जायचं, तिथून वळायचं आणि तिघांना घेत घेत जिथून निघाले तिथेच पुन्हा यायचं. संध्याकाळी तीच वरात उलटी. बाई कधी म्हणाल्या, "काका, आमच्यामुळे तुम्हाला त्रास," की उत्तर ठरलेलं, "त्रास कसला? वाटेतच आहे." आता बोला. वर धूर वाचवल्याबद्दल कारखान्यानं त्यांचा सत्कार केला. काकांनी मान खाली घालून फुलं घेतली.

पुढे कारखान्यानं विजेवरची बसच आणली. बसवाले साहेब कँटीनमध्ये सगळ्यांसमोर एकेकाला घर विचारून थांबे ठरवू लागले. काकांची पाळी आली. काका जुन्या गल्लीचं नाव घेणार, तेवढ्यात बागेतला माळी भाबडेपणानं बोलून गेला, "काकांना बस कशाला? ते तर माझ्या शेजारी, मागच्या गल्लीत राहतात."

मग काय, हशा पिकला. लॅबवाला म्हणाला, "म्हणजे काका, आपण धूर कमी केलाच नाही, दुप्पट केला." काकाही हसले. हसावंच लागलं. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"मग एवढ्या लांब कशासाठी यायचात हो?" त्यांनी विचारलं.

सकाळी बोलायला कुणी नसतं, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण एवढ्या लोकांत कसं म्हणायचं?

"ती शेडखालची जागा," काका म्हणाले, "सावली सोडवत नव्हती."

आता काका चालत जातात. धुराचा प्रश्नच मिटला. ते गेटपाशी पोचतात तेव्हा बस येते आणि तिघं कशावर तरी हसत उतरतात.

"काय झालं?"

"काही नाही काका, बसमधली गंमत," असं म्हणून टेलिफोनवाली हात हलवून पुढे जाते. तिच्या मनात काही वाईट नसतं.

परवा बॅटरी उतरू नये म्हणून काकांनी सकाळी गाडी चालू केली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पुढची सीट अजून पार मागेच होती. काकांनी सवयीनं आरशात बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "आले का सगळे?"

मग गाडी बंद केली, दार लावलं आणि चालत कामाला गेले.