अण्णा मुळ्यांनी अडवलेली भिंत

दत्तात्रय मुळ्ये ऊर्फ अण्णा भोपाळच्या कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासत होते. मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि मनातल्या मनात त्यांना भरपूर शिव्या घातल्या. केसभर चूकही त्यांनी कधी कुणाची सोडली नाही.

निवृत्तीनंतर ते सून विनिताच्या भोपाळजवळच्या मंडीदीपमधल्या शेडमध्ये जाऊ लागले; हिशेबाला मीही तिथेच असतो. ती वीजकेंद्राची राख, पाडलेल्या घरांचा चुरा आणि देवळातल्या नारळांच्या शेंड्या सिमेंटमध्ये मिसळून ब्लॉक बनवते. पहिली मोठी ऑर्डर कोलार रोडच्या बालवाडीच्या भिंतीची. परवा गाडी दारात उभी होती, आणि अण्णा म्हणाले, "आधी दाबून बघू."

चौरस सेंटिमीटरला किमान चाळीस किलो भार पेलायला हवा. थप्पीच्या वरचे पाच ब्लॉक पन्नाशीच्या पुढे गेले. अण्णांनी वाकून तळातून सहावा ओढला. दाबयंत्राचा काटा अडतिसावर पोचला आणि ब्लॉक भुसभुशीत फुटला.

"सरासरी पास आहे," मी घाईने म्हणालो.

विनिता शेंड्यांच्या उरलेल्या पोत्याकडे गेली. पोत्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

"अण्णा, या धुतल्या नव्हत्या?"

अण्णांचा चेहरा उतरला. हनुमान जयंतीला देवळातून त्यांनी स्वतः आणलेल्या त्या शेंड्या. प्रसादाचा साखरपाक लागलेल्या. 'मी निवडून आणल्यात, धुवून पाणी कशाला वाया घालवता?' असं कामगारांना त्यांनीच बजावलं होतं. साखर लागली की सिमेंट धरत नाही, हे गवंड्याचं पोरही जाणतं. आणि त्या शेंड्यांचे ब्लॉक आता सगळ्या थप्पीत मिसळले होते.

नऊ वर्षं मी या माणसाची चूक सापडायची वाट पाहिली होती. सापडली, तेव्हा मीच नजर दुसरीकडे वळवली.

"मशीन बिघडलं म्हणून सांगते," विनिता फोन काढत म्हणाली. अण्णांनी तो तिच्या हातातून घेतला आणि बालवाडीच्या बाईंना लावला.

"बाई, मुळ्ये बोलतोय. भिंत महिनाभर लांबेल. सगळा माल रद्द केलाय. नाही, सुनेची नाही, चूक माझी."

अण्णांनी फोन परत दिला आणि विचारलं,

"उद्या येऊ ना गं?"

विनिताने मुंग्यांचं पोतं बाजूला ओढलं. "या. पण मला विचारल्याशिवाय कामगारांना काही सांगायचं नाही."

"बरं," अण्णा म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.