हरिशंकरपुरमहून आणलेली सीट

आमच्या घरात ना, किस्से शोधावे लागत नाहीत यार. तेच येऊन सोफ्यावर बसतात! ऑफिसात चहाला एक सांगितला की पोरी म्हणतात, "बस कर, फेक मत!" आता हे गेल्या महिन्यातले ऐका. सगळे एकाच वस्तूचे. माझ्या भाचीच्या, मिठूच्या, कार सीटचे.

झालं काय, वहिनीला इथून तासाभरावरच्या मुरैनाच्या एका शाळेत नोकरी लागली. शाळेतच पाळणाघर, म्हणून दोन वर्षांची मिठूही रोज सोबत. वहिनी गाडी चालवणार आणि मागे मिठू एकटी. हायवेवर ट्रकच ट्रक! म्हणजे सीट हवीच, आणि पुढच्या सोमवारी जॉइन व्हायच्या आधी हवी.

* * *

पहिली फेरी नया बाजारात. दुकानदार भलता खूश!

"ये कन्व्हर्टिबल है भाईसाहब. अभी बच्ची उल्टी बैठेगी, मुँह पीछे. बड़ी हो जाए तो सीट सीधी घुमा दो. कंधे ऊपर आए तो पट्टा ऊपर वाले खाँचे में."

आई म्हणाली, "उलटी? लेकराला काय रिव्हर्समध्ये शाळेत पाठवताय?"

दादा म्हणाला, "अगं, जोरात ब्रेक लागला तर मान सांभाळली जाते अशी."

"बरं. पण नवी नाही घ्यायची!"

झालं! आमच्याकडे रीत आहे, लहान बाळाला पहिलं नवं काही घालत नाहीत. दुसऱ्या धडधाकट मुलाचं वापरलेलं घालायचं, म्हणजे त्याचं आयुष्य ह्याला लागतं. मिठूची पहिली कुंचीसुद्धा मागून आणलेली. पण कुंची वेगळी आणि सीट वेगळी ना! वहिनी सांगून थकली, "आई, अपघातात सापडलेली सीट आतून तडकलेली असते. बाहेरून कळत पण नाही."

आई म्हणाली, "मग न सापडलेली आणू."

आणि दुकानदाराच्या डोळ्यांदेखत आम्ही बाहेर!

* * *

आईच्या भजनी मंडळातल्या एक काकू राहतात आमच्याच शहरात, हरिशंकरपुरमला. त्यांच्याकडे सीट होती. "आमच्या चिनूने वापरलेली," म्हणाल्या. आईला आणखी काय पाहिजे!

दादा आणायला गेला. सीट अशी चकाचक की लेबलंसुद्धा जागच्या जागी. पावडरचा वास येत होता. ताजा.

काकूंनी फक्त एवढंच विचारलं, "खिडकीकडे लावाल ना? तिला बाहेर बघायला आवडतं."

दादाला वाटलं, मिठूबद्दल बोलतायत. आल्यावर म्हणाला, "किती माया बघ! आपल्या मिठूला एकदाही पाहिलं नाही, तरी."

* * *

दादाने सीट उलटी बसवली, हलवून बघितली, मिठूला उचलून आत ठेवायला गेला. पोरीने पाय आखडून घेतले.

"काय झालं गं?"

मिठूने सीटवर हाताने थाप मारली आणि म्हणाली, "सरक!"

थोडा वेळ वाट बघितली. मग बसली. एका कडेला, अंग चोरून. अर्धी सीट रिकामी ठेवून!

मी हसले यार, काय करणार. दादा पण हसला. वहिनी नाही हसली.

* * *

आता पट्ट्याचं ऐका. मागे तोंड असेल तर पट्टा खांद्याच्या बरोबरीला नाहीतर जरा खाली पाहिजे. दादाने खालून दुसऱ्या खाचेत ओवला. ओवायचा म्हणजे सीट गाडीतून बाहेर काढा, पाठ उघडा, पट्टे खेचा. पाऊण तास गेला, दोन शिव्या गेल्या.

मंगळवारी सकाळी बघतो तर पट्टा तिसऱ्या खाचेत.

"सोनू, तू केलंस?" दादाने मला विचारलं.

"मी? मला साधा स्कूटीचा आरसा फिट करता येत नाही!"

त्याने परत खाली घेतला. गाडी लॉक, चावी आईच्या देवघरात. गुरुवारी पट्टा चौथ्या खाचेत! आणि शुक्रवारी पाचव्या, म्हणजे सगळ्यात वर. मिठूच्या कानांच्याही वर! सीट मात्र गाडीत होती तशीच, घट्ट.

"कोणीतरी मापाने करतंय," दादा हळूच म्हणाला.

वहिनीचं डोकं फिरलं. "मापाने? हायवेवर ब्रेक लागला तर पोरगी पट्ट्यातून वर सटकेल. मला सोमवारी जायचंय आणि ह्या सीटचा मला काडीचा भरवसा नाही."

दादाने सीट काढून पुढच्या खोलीत ठेवली. आईने दुरूनच नमस्कार केला.

* * *

शनिवारी दुपारी मिठूला आईपाशी सोडून मी आणि वहिनी स्कूटीवर थेट हरिशंकरपुरमला. काकूंनी पाणी दिलं, लाडू दिले. वहिनीने हातसुद्धा लावला नाही.

"काकू, खरं सांगा हं. ही सीट कधी अपघातात सापडली होती का?"

"छे गं! चिनू गाडीत कधी बसलीच नाही."

"मग आईंना तर म्हणालात, तिने वापरलेली आहे."

"वापरलेलीच आहे. रोज बसायची. इथेच, ह्या खिडकीशी." काकूंनी जागा दाखवली. "दवाखान्यातून घरी आणायला म्हणून घेतली होती आम्ही. आणायचं झालंच नाही."

माझा लाडू हातातच राहिला.

काकू वहिनीकडे वाकल्या. "पट्टा कितव्या खाचेत आहे गं आता?"

वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "सगळ्यात वरच्या."

काकूंचा चेहरा असा उजळला ना! आत वळून ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? सगळ्यात वरच्या!"

आतून काकांचा आवाज आला, "मग सरळ करा म्हणावं आता. किती दिवस मागे बघत बसेल बिचारी?"

आम्ही उठलोच. जिन्यात वहिनीने माझा दंड असा धरला की वळ उठले. "नवी घ्यायची. आत्ता. नया बाजार. आईंना म्हणावं, आधी मी बसते तिच्यात, मग झाली ना वापरलेली!"

स्कूटी सुरू केली, तेवढ्यात काकू गॅलरीत आल्या.

"सीट परत पाठवणार असाल तर डिकीत टाकू नका हं! पट्टा लावून आणा."